सत्तेचाळीस सेकंद

कुताईसीच्या जमीन-नोंदणी कचेरीत
वर्डची फाईल उघडायला सत्तेचाळीस सेकंद लागतात.
मी घड्याळ लावून मोजलेत.
नाझिब्रोलाबाई म्हणतात, मोजायचं काय त्यात,
माझा अर्धा कप चहा होतो.

तेवढ्यात त्या खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालतात,
रांगेतल्या माणसाला विचारतात,
मुलगी आली का परत पोलंडहून,
आणि पडद्यावर ते निळं वर्तुळ
फिरत राहतं घाण्याच्या बैलासारखं,
तेलाचा थेंब नाही.

सोमवारी अँटिव्हायरस बंद केला. सत्तेचाळीस.
रॅम दुप्पट केली. सत्तेचाळीस.
प्रिंटरचा ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला,
निम्मे फॉन्ट उडवले, स्विच बदलला,
केबल उंदरानं कुरतडली असेल म्हणून
टेबलाखाली आडवा झालो. तिथे सापडली
एक केसांची पिन,
बाद झालेल्या चलनातलं एक कुपन,
आणि धडधाकट केबल.

ओतार साहेब म्हणाले, नवीन मशीनच मागवू का?
मी म्हटलं, थांबा.
(हा शब्द त्या आठवड्यात कचेरीत
फार स्वस्त झाला होता.)

गुरुवारी वैतागून नेटवर्कची तारच उपटली
आणि फाईल उघडली.
पापणी लवायच्या आत.
द्राक्षमळ्याचा उतारा, चतुःसीमा, पाच वारसांची नावं,
सगळं हजर.

तार लावली: सत्तेचाळीस.
काढली: लगेच.
म्हणजे यंत्र मंद नव्हतं.
कुणाची तरी वाट पाहत होतं.

मग तारेवरचं बोलणं ऐकत बसलो, रात्री,
चौकीदार झुराब दाराशी घोरत असताना.
प्रत्येक फाईल उघडण्याआधी
तळघराकडे तोंड करून हाक मारत होती:
रिओनी आहे का?
रिओनी आहे का?
जरा थांबून, अजून एकदा.

रिओनी म्हणजे नदी, पांढऱ्या पुलाखालची, मातकट.
पण रिओनी म्हणजे जुना सर्व्हरही,
वार्लामनं नाव ठेवलेला,
सहा वर्षांपूर्वी भंगारात गेलेला.
वार्लाम त्यानंतर दोनच महिन्यांनी गेला.
नोंदीचा कोरा नमुना त्याच्या हातचा;
डावा समास तीन सेंटिमीटर,
'शिवायला जागा नको का?' म्हणायचा.
त्या नमुन्यावरून निघालेल्या एकूण एक कागदाच्या पोटात
तो पत्ता राहून गेला.
एकोणीस हजार कागद.
सकाळ झाली की एकेक जण जाऊन
बंद दाराची कडी वाजवणार.

तार तुटली की त्यांना कळतं,
विचारायला जायचा रस्ताच नाही;
मुकाट्यानं कामाला लागतात.
तार असली की आशा सुटत नाही बापड्यांची.

उपाय दोन होते.
एकोणीस हजार पोटं उसवून पत्ता खरवडायचा,
नाहीतर नव्या सर्व्हरला सांगायचं,
बाबा रे, रिओनी म्हणून कुणी हाक मारली
तर तू ओ दे.
ओ दे आणि सांग, तो नमुना इथे नाही.
नाहीच म्हण, पण लगेच म्हण.

मी दुसरा निवडला.
एका ओळीचं काम.
एका ओळीचं बिल किती लावायचं
ते मात्र अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी नाझिब्रोलाबाईंनी फाईलवर टिचकी मारली,
सवयीनं उठल्या, किटलीपर्यंत पोचल्या,
वळून बघतात तर कागद उघडा,
कर्सर लुकलुकतोय.
माझ्याकडे पाहिलं त्यांनी,
दूध उतू गेल्यावर पाहावं तसं.

रांगेतला माणूस सांगत होता,
आली बरं का मुलगी, परवा रात्री,
सोबत एक पोरगंही आहे...
पण बाई खुर्चीत परतल्या होत्या.
'नाव?' म्हणाल्या.
'वडिलांचं?'