टेस्टगावचा आडत्या

विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर
मी एक माणूस लिहिलाय.
नाव: अबक पाटील. गाव: टेस्ट.
मोबाईल: नऊवर नऊ शून्यं.

रात्री दोनला तो उठतो, म्हणजे मी उठवते.
पासवर्ड टाकतो, एकदाही न चुकता,
राजापुरी, बारा पोती, भाव भरतो,
'बोली लावा'वर टिचकी मारतो
आणि पुढचं पान यायच्या आत
पुढच्या पानावर असतो.
त्याला खोकला नाही.
चहा आला म्हणून मध्येच थांबणं नाही.
मागून कुणी हाक मारत नाही त्याला.
चारशे बारा रात्री, चारशे बारा वेळा हिरवं.
सकाळी साहेब म्हणतात, वा.

सुरुवातीला बटण उगवायच्या आधीच दाबायचा.
मशीन म्हणायचं: सापडलं नाही.
मग त्याला थांबायला शिकवलं.
थांब म्हणजे किती, ते आकड्यात सांगावं लागतं:
दोन सेकंद.
खऱ्या माणसाला असं कधी सांगितलं नव्हतं मी,
सांगितलं असतं तर,
असो.

मंगळवारी मार्केट यार्डात गेले.
जिनाप्पा चौगुले, दिवाणजी, चौतीस वर्षं एकाच आडतीवर.
टॅबला प्लॅस्टिकची पिशवी, तीही पिवळी पडलेली.
अंगठ्याच्या रेषा हळदीनं बुजल्या
म्हणून ते बोटाच्या पेरानं दाबतात,
दारावर टकटक करावी तसं.
प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचतात.
भाव टाकतात. पुसतात.
शेजारच्या पोत्यात हात घालून एक हळकुंड मोडतात,
त्याचा आवाज ऐकतात,
आणि परत तोच भाव टाकतात.

हे कुठल्या फंक्शनात बसवू?

पूर्वी म्हणे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.
दोघांनाच कळायचं,
तिसरा नुसता रुमाल बघायचा.
दाखवायला त्यांनी हात पुढं केला, माझ्याकडं बघून आखडला,
मग स्वतःच्याच डाव्या हाताची बोटं
उजव्यानं धरली, रुमालाखाली.
गिऱ्हाईकही तेच, आडत्याही तेच.
बराच वेळ घासाघीस चालली होती.

'बोली लावा' दाबलं. नेट अडखळलं.
गोल फिरत राहिला.
त्यांनी परत दाबलं.
बारा पोत्यांची चोवीस झाली.
"यंत्राला एकदा सांगून कळत न्हाई व्हय?"

मी वहीत खाली बघून काहीतरी लिहिलं.
तेवढ्यात ते यादी वर सरकवत म्हणाले,
"आन् ह्यो अबक पाटील कोण ओ?
रात्री दोनला सौदं करतोय, नेमानं.
टेस्ट कुठं आलं? तासगावच्या पुढं?"

पुसायची राहिलेली ओळ होती ती, माझीच.
मी म्हटलं, हो, थोडं पुढं.
"लई कष्टाळू दिसतोय," म्हणाले,
आणि पेर पिशवीला पुसलं.

आज रात्री नवी चाचणी लिहिली.
नाव दिलं: जिनाप्पा दोनदा दाबतात.
भाव टाक. पूस.
सात सेकंद थांब, हळकुंड मोडायला लागतात तेवढे.
तोच भाव टाक. दाब. परत दाब.

लाल.

सकाळी साहेबांना सांगेन.
आत्ता परत चालवून बघतेय नुसती:
अबक पाटील भाव पुसून थांबलाय,
पाच, सहा,
हातात काहीच नसताना.