मिसिंग

गाडी बंद पडत नाही.
बंद पडली असती तर ढकलली असती,
ढकलणं मला येतं.
ही फक्त मधेच एकदा
अंधारात पायरी चुकावी तसं करते.
मूठ पिळलेली, आणि खाली काहीच नाही.
मग फर्रकन पुन्हा चालू,
वर मलाच विचारते, काय झालं म्हणून.

आसरा पुलाच्या उतारावर झालं तेव्हा
मागे टॉवेलचे चार गठ्ठे होते
आणि होटगीकडून सिमेंटचा ट्रक.
घरी सांगितलं.
नागमणी म्हणाली, गाडी नाही, तुम्हीच दचकता.

सव्वीस वर्षं जॉबर होतो.
चोवीस माग धडधडताना एक थांबला
तर झोपेतून जाग यायची.
म्हणून वही केली.
मंगळवार, दुपारी दोन, इंजिन तापलेलं, टाकी अर्धी.
गुरुवार, सकाळी सात, इंजिन गार, टाकी भरलेली.
म्हणजे ऊन नाही, पेट्रोल नाही.
शनिवारी दिवसभर एकदाही नाही.
शनिवारचं काय लिहायचं?

प्लग काढला. चहाच्या रंगाचा, म्हणजे बरा.
पेट्रोल बाटलीत घेऊन उन्हात धरलं,
तळाला पाणी नाही.
टाकीचं झाकण, त्याचं बारीक भोक,
सुई घालून बघितलं, मोकळं.
एअर फिल्टर झटकला
तर त्यातून सूत निघालं, गुलाबी.
अजून.
ते मी वहीत लिहिलं नाही.

प्रत्येकाला रोग माहीत होता.
पानवाला म्हणाला कार्बोरेटर,
मेहुणा म्हणाला विकून टाका,
पंपावरचा पोरगा म्हणाला, काका, स्टँड खाली राहत असंल.

शेवटी मैनुद्दीन पटवेगारकडे, विजापूर रोडला.
त्यानं पाना उचललाच नाही.
चालू ठेव, म्हणाला,
आणि बिडी विझवून नुसता ऐकत बसला.
हँडल डावीकडे. काही नाही. उजवीकडे. काही नाही.
वायरी हलवल्या, टाकीखाली हात घातला.
मग एका बोटानं
किल्लीला लटकलेला जुडगा टिचकावला.
इंजिनानं आवंढा गिळला.
पुन्हा टिचकी, पुन्हा आवंढा.
"किती किल्ल्या बे ह्या?"

अकरा.
एक गाडीची.
दोन भद्रावती पेठेतल्या शेडच्या शटरच्या,
एक मीटरपेटीची, एक सुताच्या खोलीची,
एक मुनीमजींच्या कपाटाची, मुनीमजी गेले,
तीन कुलपांच्या, कुलपं भंगारात गेली
मागांबरोबर, किलोवर,
मागल्या्च्या मागल्या दिवाळीत.
आता तिथं मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात
आणि त्याचं स्वतःचं कुलूप.
एक घरची.
एक कशाची, मला आठवत नाही.

"लॉक झिजलंय," तो म्हणाला.
"खड्डा आला की वजन खाली ओढतं,
करंट सुटतो, लगेच परत बसतो.
नवीन लॉक साडेचारशे.
नाहीतर वजन काढ बे, फुकट."
चहा त्यानं सांगितला,
पैसे मला द्यायला लावले.

एकटी किल्ली लावून निघालो.
होटगी रोडवरचा एकही खड्डा चुकवला नाही,
मुद्दाम शोधून शोधून घातली.
सरळ चालली, काडीची कुरकुर नाही.
पूल आला.
खांदे आपोआप पुढे वाकले,
कान त्या अर्ध्या सेकंदावर जाऊन बसले.
तो अर्धा सेकंद आला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
वहीत शनिवारांसारखे कोरे दिवस साठत गेले.

बाकीच्या दहा खिशात ठेवल्या.
गियर टाकताना मांडीला टोचतात.
पंधरा दिवसांत खिशाला भोक पडलं.
नागमणीनं पँट मांडीवर घेतली,
तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
सुईत दोरा ओवला,
आणि खिशाला दुहेरी शिवण घातली.