लायक

सोहारच्या तपासणी केंद्रात
माझी खोली सगळ्यात थंड.
बाहेर सत्तेचाळीस, आत एकोणीस,
यंत्राला उकडू नये म्हणून.
माणसं कुडकुडतात उघड्या छातीनं,
हनुवटी पाटीवर टेकवून.

सहा भाषांत मला एवढंच येतं :
श्वास घ्या. धरा. सोडा.
बंगाली, पश्तू, तमिळ,
नेपाळी, उर्दू, अरबी.
मराठीत म्हणायची वेळ
अकरा वर्षांत चारदा आली.
पाचवा हा : अश्फाक मुकादम, दाभोळचा,
अॅल्युमिनियमच्या भट्टीवर मदतनीस,
सोमवारच्या रांगेत त्र्याण्णवावा.

'ताई, घाटावरच्या काय तुम्ही?'
एका 'धरा'वरून ओळखलं त्यानं.
'मिरजेची,' म्हटलं. 'हलू नका.'

पडद्यावर, उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला,
आठ मिलिमीटरचा पांढरा ठिपका.
कडा पक्क्या. चुन्यासारखा घट्ट.
हे मला वाचता येतं :
चूल केव्हाची विझली,
खडा तेवढा राहिलाय.

मी काही बोलायच्या आत
त्यानं खिशातून कार्ड काढलं,
प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं.
सहा महिन्यांचे चौकोन,
प्रत्येकात आशाताईची बारकी सही.
'गोळी गिळल्याबिगर दारातून हलायच्या नाहीत.
लघवी लाल व्हायची, अम्मी रडायची,
त्या म्हणायच्या, रडू नका, औषध उतरतंय.'
तळाशी जांभळा शिक्का : उपचार पूर्ण.
'मुंबईतल्या तपासणीत पास झालो होतो,'
तो म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात,
'एजंटनं केलं होतं काय ते.'

माझ्या अर्जावर दोनच चौकोन.
अरबीत छापलेत : लाइक. गैर-लाइक.
हा शब्द आपल्याकडे कधीचाच येऊन राहिला,
कुठल्या गलबतातून कोण जाणे.
आपण त्याला पुढून 'ना' चिकटवला
आणि पाढे चुकलेल्या पोरांवर फेकत राहिलो.
माझ्यावरही एकदा, सातवीत.
'बरा झालेला' असा रकाना
कुणी आखलाच नाही.

डॉक्टर लुब्नांनी चष्मा कपाळावर सरकवला,
फिल्म पाहिली, कार्ड पाहिलं,
उलटून मागची बाजूसुद्धा.
'मलाही दिसतंय,' त्या म्हणाल्या,
'याच्यापासून कुणाला काही होणार नाही.'
आणि पेन उचललं.
नियमात डाग म्हणजे डाग.

मला शाजी आठवला, त्याच भट्टीवरचा.
चार उन्हाळ्यांपूर्वी इथंच छाती दाखवून गेला,
स्वच्छ, आरशासारखी.
गेल्या वर्षी परतला तेव्हा
दोन्ही मूत्रपिंडं वाळलेली होती,
पाणी प्यायला शिफ्टमध्ये सुट्टी नव्हती.
येणाऱ्याला आम्ही आरपार पाहतो.
जाणाऱ्याच्या वाटेवर
यंत्र कुणी ठेवलेलं नाही.

अश्फाकनं शर्टाची बटणं लावली,
एक चुकलं, पुन्हा सगळी काढली.
विमान शुक्रवारचं.
भांडला नाही. एवढंच विचारलं,
'हा आतला फोटो मिळंल का?
अम्मीला दाखवीन. तिला वाटतं
अजून मोठं भोक आहे तिथं.'

द्यायचा नसतो. दिला.
साध्या कागदावर छापायला घेतला
आणि प्रिंटरची शाई मध्येच संपली :
वर फासळ्या, गळपट्टीची हाडं,
तो ठिपका, ठळक,
खाली सगळं कोरं.
'चालंल,' तो म्हणाला. 'एवढंच तर हवं होतं.'
कार्ड त्यानं टेबलावरून परत उचललं,
प्लॅस्टिकवरचा माझा अंगठा पुसला.

चौऱ्याण्णवावा आत आला,
शर्ट काढून हनुवटी टेकवून उभा राहिला.
मी बटणावर बोट ठेवलं
आणि याला कुठल्या भाषेत सांगायचं,
काही केल्या आठवेना.
तो आपणहून श्वास धरून थांबला होता.