मोजणी

अर्जात एक रकाना असतो : मागची नोकरी.
त्यात त्यानं लिहिलं होतं, कळंबा.
मला वाटलं, तळ्याकडचं एखादं वर्कशॉप.
"कुणाकडं?" मी विचारलं.
"सरकारकडं," हिंदुराव चौगले म्हणाला,
"अकरा वर्षं. सुतारकामात हुतो."
आणि समोरच्या चहाकडं बघत राहिला,
कुणी घे म्हणायची वाट बघत.

काय केलं होतंस, तेही विचारलं.
त्यानं सांगितलं. न चाचरता, सगळं.
ते मी इथं लिहिणार नाही.

उद्यमनगरात बातमीला भट्टीच्या आधी ताव येतो.
शेजारचे लेथवाले शिंत्रे म्हणाले,
"वहिनी, दयाच करायची तर देवळात पेटी आहे."
दया नव्हती हो.
पॅटर्न करणारा मिळत नव्हता,
व्हॉल्व्हची ऑर्डर तटून बसलेली,
आणि यानं नुसता हात फिरवून सांगितलं
माझ्या जुन्या लाकडी पॅटर्नला कुठं किती बाक आलाय.

भंगार वितळलं की नवा माल होतो,
असं पाहुणे भाषणात बोलतात.
मी बावीस वर्षं पितळ ओततेय.
दर खेपेला थोडं जस्त धुरात उडून जातं,
ते वरून घालावं लागतं.
माणसात काय घालायचं आणि किती,
ते भाषणात येत नाही.

तो उघड्या दाराशीही थांबतो.
कुणी "ये" म्हणेपर्यंत पाऊल उचलत नाही.
इलाही मिस्त्री आठ दिवस हसला,
मग रोज सकाळी आपणच म्हणू लागला,
"या, चौगले."

आणि मी?
संध्याकाळी सगळे गेले की
गोदामातल्या पितळेच्या लाद्या मोजायची.
पहिला महिना. दुसरा.
दिवाळीचा बोनस हातावर ठेवला, त्या दिवशीसुद्धा.
कधी एक कमी भरली नाही,
तरी मोजायची.
किल्ली माझ्याच कमरेला.

परवा कुलूप लावायला गेले, तर ढीग नव्हता.
लाद्या दहा-दहाच्या थप्प्यांत रचलेल्या,
कडेला कड लावून,
वरच्या सुट्या चार बाजूला,
दारातूनच दिसतील अशा.

सकाळी मी काही विचारायच्या आत
त्यानं रंधा थांबवला.
"आत दिवसातनं चारदा गिनती व्हायची, वहिनी.
मोजणाऱ्याचं बी पाय दुखत्यात."