किलोला तीस

यावल रोडच्या भंगारात
वजनावर मिळाला व्हॅक्यूम क्लीनर.
फिरोजी, एकच चाक,
नळीला चिकटपट्टी.
हा सातवा. रत्नप्रभा आता मोजत नाही.

असाच होता भुसावळला, रेल्वे क्वार्टरमध्ये.
सेल्समन म्हणाला, गालिचा आणा.
आईनं गोधडी अंथरली.
त्यानं मूठभर माती टाकून ओढून दाखवली
आणि आठ हप्त्यांवर सही झाली.

पण वडील रात्रभर मालगाडी हाकून
दिवसा झोपायचे,
आणि हा किंचाळायचा शंटिंगच्या इंजिनासारखा.
केरसुणीच चालली.
हप्तेही.

आज पिशवी उघडली:
कुणाच्यातरी घरची करडी धूळ, दोन सरक्या,
खाकी शर्टाचं बटण.
होती तशीच परत लावली.

भर दुपारी सुरू करतो.
थांबतो जरा.
कुणीच म्हणत नाही,
बंद कर रे, हेमल्या.