एकास बारा

सीब्रेन हूकेमा दुकानात आला तो नोव्हेंबरात,
कोटाच्या शिवणींत वाळू घेऊन.
झांडफोर्टला सगळेच वाळू घेऊन येतात.
मी कानाची यंत्रं दुरुस्त करते. त्याचं डावं मेलं होतं.
उघडलं, भिंगाखाली धरलं: वेटोळं जळलंय, बदलावं लागेल.
त्याची नजर माझ्या चिमट्यावर.
"ही तार टाकून देणार?"
केसाहून बारीक तांबं, उलगडलं तर हातभर.
"एकतीस तुकडे होतील का?"

म्हणून दर गुरुवारी मी त्याच्या स्वयंपाकघरात.
टेबलावर गाडी, एकास बारा,
कवच काढलेली, सोललेल्या कोळंबीसारखी.
त्याचे हात आता कापतात, माझे डोळे शाबूत आहेत,
दोघांचा मिळून एक मेकॅनिक झाला.

आठ तुताऱ्या हवा ओढणाऱ्या,
त्यांच्यावर जाळी, टिनेकाच्या जुन्या मोज्याची.
"टेकड्यांवरून वारा सुटला की वाळू थेट सिलिंडरात."
एक्झॉस्ट इंजिनाशी निळा, मग जांभळा,
मग वाळल्या गवताचा पिवळा.
मी उलटा रंगवला तेव्हा तो इतका हसला की खोकला लागला.
"उष्णता काय शेपटाकडून येते?"

डब्यातला कागद खोटं बोलतो, तो म्हणतो.
कागदावर इंधनाची नळी सरळ जाते.
आमची दांड्याला घासत होती.
शनिवारी रात्री अडीचला लक्षात आलं,
दुकानं बंद, सुटे भाग संपलेले,
त्यानं कमरेचा पट्टा कापून नळीला गुंडाळला
आणि रविवारभर पँट सुतळीनं बांधून हिंडला.
आता तोच पट्टा कपाटातून निघाला.
चामडं तासून तासून मी एवढं पातळ केलं
की दिवा पलीकडून दिसायला लागला.
"टिकला?" मी विचारलं.
"पट्टा टिकला."

मग बोल्ट. मोहरीएवढी डोकी,
प्रत्येकाला आरपार भोक, भोकातून तार,
दोन पदर पिळून शेजारच्या कडीला.
"पीळ असा की तार आवळायच्या बाजूला ओढेल.
बोल्ट सैल व्हायला निघाला
की तारेनं त्याचा कान धरला पाहिजे."
एका गुरुवारी चार झाले, एका गुरुवारी एकही नाही,
तार तुटली, चिमटा घसरला,
एक बोल्ट मांजरानं नेला असावा.

इंजिन कसं ऐकायचात, मी एकदा विचारलं होतं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ दातांत.
"कानानं ऐकणारे आधी बहिरे झाले.
मी नंतर झालो."

मार्चच्या शेवटी एकतिसावा तुकडा बांधला.
मोजणं ही माझी सवय, धंद्याची.
डोकी बत्तीस.
मागच्या डाव्या चाकाशी एक उघडं राहिलं होतं,
भोक पाडलेलं, आत काही नाही.
"एक राहिला. तार आहे माझ्याकडे, आणू का?"

त्यानं कानातलं यंत्र काढलं,
नवीन, माझ्याच हातचं,
आणि टेबलावर ठेवलं, चाकाच्या बाजूला.
बाहेर वारा, खिडकीवर वाळूची चुरचुर,
जी मला ऐकू येत होती.

बऱ्याच वेळानं तो बोलला, मोठ्यांदा,
बहिरी माणसं बोलतात तसा:
"रविवार सकाळ. अकरा वाजायला दहा कमी.
गाडी तेव्हा जशी होती तशी करायची आहे."

अकराव्या फेरीत चाक निघालं, एवढं मला माहीत होतं;
गावात म्हातारे अजून सांगतात.
चालक टेकडीवरून चालत आला, हेल्मेट हातात,
लंगडत, आणि पुन्हा शर्यतीत बसला नाही.
भाग कच्चा निघाला, असं अहवालात लिहिलं.
बावन्न वर्षं तेच लिहिलेलं आहे.

मी चिमटा पुसला. डब्याचं झाकण लावलं.
कवच बसवायचं का, खुणेनं विचारलं.
तो नाही म्हणाला.
ते अजून फ्रीजवर आहे, पावाच्या पिशवीपाशी.