बावीस अंश

पट्टा मी आखला होता. चढ बावीस अंश.
कागदावर शंखजिरं निमूट वर जायचं.

सोत्कामोच्या कारखान्यात, उणे अठ्ठावीसच्या रात्री,
ते निम्म्यापर्यंत आलं
आणि पाण्यासारखं मागे फिरलं.
पांढरं, आवाज न करता,
खालच्या रोलरवर सांडत राहिलं.

मी वेग वाढवला. आणखी सांडलं.
आडवे रबर लावू म्हणालो, कडांना झालर,
वरून झाकण, नाहीतर सगळा सांगाडाच उतरवू

रायली केम्पाइनेन काही बोलली नाही.
हातमोजा काढला,
तळहात भुकटीवर ठेवला,
जसा तापल्या पोराच्या पोटावर ठेवतात.
"ह्याच्यात अजून वारा आहे," म्हणाली.
"आत्ता दळून आलंय.
त्याला वाटतंय, आपण दगड कधी नव्हतोच."

कोठीचं तोंड तिनं बंद केलं.
चाळीस मिनिटं.
आम्ही कॉफी प्यायलो. तिनं विचारलं नाही
की औलूहून तीन तास गाडी हाकत
मी रात्रीचाच का निघालो,
फोन टेबलावर पालथा का.
दुसरा कप मात्र न विचारता भरला.

मग तोंड उघडलं, पट्टा हळू केला.
शंखजिरं बसलं होतं.
बसल्या बसल्या चढलं, माथ्यापर्यंत.

पहाटे गाडीत शिरलो.
हात दोनदा धुतले होते, तरी
स्टीअरिंग बोटांतून निसटलं.
इंजिन चालू ठेवून
तसाच थांबलो,
काचेवरचं बर्फ
आपल्या वेळेनं सुटेपर्यंत.